जाहीरनाम्याची शेवटची पाच कलमे

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी बहुतेकांची ओळख होते ती त्याच्या दुसऱ्या परिच्छेदातून. समतेविषयीचे आणि जन्मजात हक्कांविषयीचे ते विधान पाठ्यपुस्तकांत गेले, भाषणांत गेले, आणि वाचकाला तिथेच थांबायची सवय लागली. त्यापुढे राजाविरुद्धच्या आरोपांची लांब यादी आहे. मोजणाऱ्यांच्या हिशेबाने ती २७ भरते. राजाने चांगल्या कायद्यांना संमती दिली नाही, विधिमंडळे गैरसोयीच्या ठिकाणी बोलावली, न्यायाधीशांचे पगार आपल्या मर्जीवर ठेवले, अशा त्या तक्रारी. आज त्या वाचताना कुठल्याशा जुन्या दाव्याची कैफियत वाचल्यासारखे वाटते आणि लक्ष ढळते.

यादीच्या शेवटी मात्र पाच आरोप असे येतात की मजकुराचा श्वासच बदलतो. राजाने आम्हाला आपल्या छत्राबाहेर काढून आमच्यावर युद्ध लादले. समुद्रापासून गावांपर्यंत लूट आणि जाळपोळ केली. परक्या देशाचे भाडोत्री सैन्य तो आमच्यावर आणतो आहे. समुद्रात पकडलेल्या आमच्या माणसांना त्याने आमच्याच विरुद्ध शस्त्र धरायला लावले. आणि आमच्यात अंतर्गत बंड पेटवून सरहद्दीवरच्या आदिवासी टोळ्या आमच्यावर सोडल्या. कायदे, करार, सनदा, न्यायालये हे सगळे मागे पडते आणि धुराचा वास येऊ लागतो. मला या मजकुराचा खरा जीव या पाच कलमांत सापडतो. दुसऱ्या परिच्छेदातले विचार जाहीरनामा लिहिणाऱ्या टॉमस जेफरसनच्या आधीही युरोपात लिहिले गेले होते. ही पाच कलमे १७७६ च्या उन्हाळ्याआधी कोणालाच लिहिता आली नसती.

कारण तारखांचा क्रम आपण मनात उलटा धरलेला असतो. आधी स्वातंत्र्याची घोषणा आणि मग युद्ध, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात युद्ध आधी आले. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावाच्या मैदानावर ब्रिटिश सैनिक आणि कॅप्टन जॉन पार्कर यांच्या हाताखालची गावकऱ्यांची तुकडी समोरासमोर आली. पहिली गोळी कोणी झाडली याचा निवाडा आजवर झालेला नाही. आठ गावकरी मेले. तिथून काँकर्ड आणि काँकर्डहून बॉस्टनला परत जाताना वाटेतल्या कुंपणांआडून, झाडांआडून ब्रिटिशांवर गोळीबार होत राहिला. संध्याकाळपर्यंत त्यांचे ७३ जण ठार झाले होते आणि वसाहतींचे ४९. त्या दिवसापासून ४ जुलै १७७६ पर्यंत साडेचौदा महिने ही माणसे राजाच्या सैन्याशी लढत होती आणि तरीही स्वतःला राजाची प्रजा म्हणवत होती. वसाहतींच्या फौजेचा सेनापती वॉशिंग्टन समोरच्या फौजेला मंत्र्यांची फौज म्हणे. राजाची म्हणत नसे.

या साडेचौदा महिन्यांत नेमके काय बदलले ते पाहायचे असेल, तर जाहीरनाम्याशेजारी आणखी एक कागद ठेवावा लागतो. फिलाडेल्फियात भरलेल्या कॉन्टिनेन्टल काँग्रेसने ६ जुलै १७७५ रोजी, म्हणजे जवळजवळ बरोबर एक वर्ष आधी, शस्त्र का उचलले याचे निवेदन मंजूर केले होते. त्याचा एक खर्डा जेफरसननेच केला होता. तो काहींना फार तिखट वाटला, म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने तो नव्याने लिहिला. जाहीरनाम्याच्या प्रसिद्धीखाली हा कागद झाकला गेला आहे. दोन्ही कागदांमागे एकच सभा आहे, एकच लढा आहे आणि एक लेखकही दोन्हींकडे आहे. तरीही भाषा दोन वेगळ्या जगांतली आहे.

१७७५ च्या निवेदनात गावांची नावे आहेत. लेक्सिंग्टन आहे, काँकर्ड आहे, बॉस्टन आहे. एप्रिलची तारीख आहे, मेलेल्या आठ गावकऱ्यांचा आकडा आहे. ब्रिटिश जनरल टॉमस गेज नावानिशी आहे, आणि गावे जाळणारा, जहाजे धरणारा, अन्नधान्य अडवणारा असा जो ‘तो’ त्या मजकुरात येतो, तो ‘तो’ म्हणजे गेज. कॅनडाचा गव्हर्नर कार्लटन आदिवासींना चिथावतो आहे, असा आरोप तिथेही आहे आणि तोही नाव घेऊन. हे सगळे सांगून झाल्यावर निवेदन साम्राज्यातल्या आपल्या बांधवांना दिलासा देते, की आमची फारकत घेण्याची इच्छा नाही.

एक वर्षानंतरच्या जाहीरनाम्यात एकाही रणभूमीचे नाव नाही. लेक्सिंग्टन नाही, बंकर हिल नाही. एकाही सेनापतीचे नाव नाही. पार्लमेंटचेही नाव घेतलेले नाही. ‘इतरांशी’ हातमिळवणी केली, एवढ्यावर तिची बोळवण होते. सगळ्या वाक्यांचा कर्ता एकच, ‘तो’, आणि आता तो लंडनमध्ये बसलेला राजा आहे. त्याचेही नाव जॉर्ज असे कुठे येत नाही. यादीच्या मध्यावर लागोपाठ नऊ आरोप तुटक वाक्यांशांत येतात, करांचे, व्यापाराचे, जूरीचे. तिथे वाक्य जणू धावत सुटते. ते संपले की पुन्हा ‘तो’ येतो, पूर्ण वाक्यांनिशी, आणि नेमका तिथेच युद्धाचा भाग सुरू होतो. लय सैल सोडून पुन्हा घट्ट आवळण्याची ही जागा जेफरसनने फार विचाराने निवडली असावी. या लयीमागे, मोठ्याने वाचून दाखवण्याचा मजकूर लिहिणाऱ्याचे कान आहेत.

सर्वनामाचा हा धनी बदलला कसा? १७ जून १७७५ ला बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली. टेकडी ब्रिटिशांनी घेतली, पण ती घेताना त्यांची हजाराहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली, आणि शेजारचे चार्ल्सटाउन जळून गेले. एवढे होऊनही काँग्रेसने जुलैमध्ये राजाला एक शेवटचा विनंतीअर्ज पाठवला. राजाने तो हातातही घेतला नाही. ऑगस्टमध्ये त्याने वसाहती बंडखोर ठरवल्या आणि २६ ऑक्टोबरला पार्लमेंटपुढे भाषण करून सांगितले, की या लोकांना वेगळे राज्यच उभारायचे आहे. परदेशांकडून मदतीचे देकार आले आहेत, हेही त्याच भाषणात होते. हे भाषण अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला पोचले जानेवारी १७७६ मध्ये. टॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’ त्याच दिवसांत, १० जानेवारीला, छापून बाहेर पडले. पेनने राजेशाहीवरच घाव घातला. समेटाची आपली आशा १९ एप्रिलला संपली, हे त्यानेही त्या पुस्तिकेत लिहून ठेवले आहे. वसाहतींनी न केलेली मागणी राजाने त्यांच्या नावावर लिहिली आणि सहा महिन्यांनी त्यांनी ती खरी करून दाखवली. जाहीरनाम्यातला ‘तो’ या हिवाळ्यात जन्मला.

आता दुसऱ्या आरोपाकडे वळू, कारण तो एक वाक्य म्हणून सर्वांत देखणा आहे. त्यात चार क्रियापदे आहेत आणि चार कर्मे. आधी समुद्र येतात, मग किनारे, मग गावे, आणि शेवटी माणसांचे जीव. लुटणे, उजाड करणे, जाळणे, मारणे. संकट बाहेरून आत सरकते, दर पावलाला जवळ येते आणि अखेर उंबरठा ओलांडते. विशेषण एकही नाही. वाक्य इतके आखूड आहे की सहज वाचून पुढे जावे. पण १७७६ मध्ये ते ऐकणाऱ्याला थांबावेच लागत असणार, कारण ‘गावे’ या शब्दाशी त्याच्या मनात नावे उभी राहत.

पहिले नाव फॅलमथ. आज त्याला पोर्टलंड म्हणतात, मेन राज्यात आहे. १७ ऑक्टोबर १७७५ च्या संध्याकाळी कॅप्टन हेन्री मोअॅट चार-पाच जहाजे घेऊन बंदरात आला आणि त्याने गावकऱ्यांना बाहेर पडायला सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात याच गावात स्थानिक पथकांनी त्याला काही काळ धरून ठेवले होते. व्हाइस अॅडमिरल सॅम्युएल ग्रेव्ह्जचा हुकूम त्याच्यापाशी होता. गावकऱ्यांनी विनवण्या केल्या, मोअॅटने सकाळपर्यंत मुदत दिली, आणि १८ तारखेला सकाळी तोफा सुरू झाल्या त्या संध्याकाळपर्यंत चालल्या. जिथे आग नीट लागली नाही तिथे खलाशांना किनाऱ्यावर उतरवून घरे पेटवली गेली. ४०० हून अधिक इमारती जळाल्या. हिवाळा तोंडावर होता, आणि तिकडचा हिवाळा बेघर माणसाला जगू देणारा नसतो.

फॅलमथ जळाले आणि आठच दिवसांनी राजाने ते भाषण केले. फॅलमथची बातमी तोवर लंडनला पोचणे शक्य नव्हते. पण वसाहतींतल्या वाचकाच्या हाती दोन्ही गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने पडल्या, आणि त्याच्या मनात त्या एकमेकींना जोडल्या गेल्या. ग्रेव्ह्जचा हुकूम आणि राजाचे शब्द एक झाले. जाहीरनाम्यात गावे जाळणारा ‘तो’ राजा आहे याचे कारण हे आहे. कायद्याच्या काट्यावर तोलले तर हा आरोप थोडा ताणलेला आहे. मनाच्या न्यायाने तो बरोबर आहे, असे मला वाटते. ज्याच्या निशाणाखाली गाव जळते, त्याच्याकडेच जाब मागितला जातो.

दुसरे नाव नॉरफोक, आणि तिथे मजकुराची बाजू लंगडी पडते. १ जानेवारी १७७६ ला व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याच्या जहाजांनी नॉरफोकवर तोफा डागल्या आणि धक्क्यावरची काही घरे पेटवली. हे खरे. पण त्यानंतर शहराचा फार मोठा भाग जाळला तो वसाहतींच्याच सैनिकांनी. शहरात राजनिष्ठ व्यापारी पुष्कळ होते, आणि डनमोरला तिथे आसरा मिळू नये असेही या सैनिकांना वाटत होते. व्हर्जिनियाने पुढे नेमलेल्या चौकशीत हे उघड झाले, पण तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. १७७६ मध्ये सगळा दोष डनमोरच्या माथी गेला आणि तिथून जाहीरनाम्यातल्या त्या एका क्रियापदात मिसळला. गावांची नावे न घेण्याचा हा एक लाभ. नाव घेतले की कोणी तपासायला जातो. ‘आमची गावे’ म्हटले की ऐकणारा आपल्या मनातले गाव तिथे बसवतो. १७७५ चा कागद अधिक प्रामाणिक आहे आणि १७७६ चा अधिक प्रभावी, असे मी म्हणतो ते यामुळे.

तिसरा आरोप काळाच्या दृष्टीने वेगळा आहे. बाकीचे सारे घडून गेलेल्याची तक्रार करतात. हा एकटा चालू वर्तमानकाळात आहे. परक्या भाडोत्री फौजा या घटकेला येत आहेत, असे तो सांगतो. आणि त्या घटकेला त्या खरोखर समुद्रात होत्या. हेसे-कासेल, ब्रंझविक आणि हेसे-हानाऊच्या जर्मन राजांशी ब्रिटनने १७७६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत करार केले. ब्रंझविकच्या करारात मेलेल्या प्रत्येक सैनिकामागे पैसे ठरले होते आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला, असा हिशेब लिहिलेला होता. या करारांची बातमी मे महिन्यात काँग्रेसपुढे आली. समेटाची आशा धरून बसलेल्या मवाळांच्या हातून उरलेसुरले निसटले ते या बातमीने. घरच्या भांडणात बापाने पैसे मोजून बाहेरचे मारेकरी आणले, तर त्याला बाप कुठवर म्हणायचे? ७ जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली याने स्वातंत्र्याचा ठराव मांडला. ११ जूनला जाहीरनामा लिहिण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली.

जेफरसनच्या मूळ खर्ड्यात ब्रिटिश जनतेला उद्देशून आणखी एक दुखरा भाग होता. तिथे त्याने परक्या भाडोत्र्यांच्या जोडीने स्कॉटिश सैनिकांनाही बोल लावला होता आणि रक्ताचे नाते तोडताना होणाऱ्या वेदनेविषयी लिहिले होते. काँग्रेसने तो भाग बराच छाटला. छाटला ते बरे झाले, असे माझे मत आहे. त्या ओळींत हळवेपणा फार होता, आणि स्कॉटिश वंशाची कितीतरी माणसे वसाहतींच्या बाजूने उभी होती. तरी तो उल्लेख कुठून आला असेल हे कळते. २७ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनात मूर्स क्रीक ब्रिजवर राजनिष्ठ स्कॉटिश हायलँडर तलवारी उपसून पुलावर धावले होते आणि काही मिनिटांत कापले गेले होते. त्या विजयानंतर दीड महिन्यात, १२ एप्रिलला, नॉर्थ कॅरोलायनाने आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याच्या बाजूने मत द्यायची मोकळीक दिली. अशी मोकळीक देणारी ती पहिली वसाहत. पुलावरची चकमक आणि सभागृहातला ठराव यांच्यातले अंतर इतके कमी होते.

चौथ्या आरोपावर फार थांबायला नको. डिसेंबर १७७५ च्या प्रतिबंधक कायद्याने अमेरिकन जहाजे शत्रूची ठरली आणि पकडलेल्या खलाशांना ब्रिटिश नौदलात घालायची मुभा मिळाली. मोजक्या शब्दांत हा आरोप आपल्या भावांना मारायचे किंवा त्यांच्या हातून मरायचे, हा पेच उभा करतो आणि पुढे जातो.

पाचवा आरोप मला सर्वांत अस्वस्थ करतो, आणि रसग्रहण करणाऱ्याने त्यावरून घाईने पुढे जाऊ नये. अंतर्गत बंड असा सभ्य शब्द तिथे आहे. त्याच्यामागे डनमोरचा नोव्हेंबर १७७५ चा फतवा आहे. बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येऊन लढतील ते स्वतंत्र, असे त्यात म्हटले होते. शेकडो माणसे मळे सोडून, रात्रीच्या अंधारात होड्यांतून त्याच्याकडे गेली. त्यांच्यातून डनमोरने ‘इथिओपियन रेजिमेंट’ उभी केली. ९ डिसेंबरला ग्रेट ब्रिजच्या लढाईत ती माणसे लढली, आणि पुढच्या महिन्यांत देवीच्या साथीने त्यांच्यातली कितीतरी जहाजांवर, बेटांवर मेली. डनमोरला त्यांची कणव होती असे नाही. राजनिष्ठांचे गुलाम त्याने गुलामच ठेवले. पण होडीत बसणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. त्या रात्री स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्यासाठी डनमोरचा होता.

जेफरसनच्या खर्ड्यात इथे एक मोठा परिच्छेद होता. गुलामांच्या व्यापाराचा दोष त्याने राजाच्या माथी मारला होता आणि त्याच श्वासात, त्याच गुलामांना राजाने आमच्यावर उठवले, अशी तक्रार केली होती. लिहिणारा स्वतः गुलामांचा मालक होता. काँग्रेसने हा परिच्छेद काढून टाकला; साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहापुढे नमते घ्यावे लागले, असे जेफरसनने नमूद केले आहे. उरला तो एक शब्दप्रयोग. परिच्छेद ठेवला असता तर मजकूर निदान स्वतःच्या विसंगतीशी झगडताना दिसला असता. आता ती विसंगती दोन-तीन शब्दांत गुंडाळलेली आहे. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर टॉमस हचिन्सन याने त्याच वर्षी लंडनमध्ये छापलेल्या उत्तरात तिच्यावरच बोट ठेवले.

आदिवासींविषयीचा भाग तर उघड अन्यायाचा आहे. त्यांना वय, लिंग, अवस्था न पाहता कापत सुटणारे म्हणून एका रंगात रंगवले आहे. बॉस्टनच्या वेढ्यात स्टॉकब्रिजचे आदिवासी सैनिक वसाहतींच्या बाजूने उभे होते, हे त्या सभागृहाला ठाऊक होते. काँग्रेस स्वतः त्या वसंतात आदिवासींना आपल्या बाजूने आणायचे ठराव करत होती. मे महिन्यात कॅनडातल्या ‘द सीडर्स’ इथे ब्रिटिशांच्या आदिवासी मित्रांसमोर अमेरिकन तुकड्यांना शरण जावे लागले, त्याची जखम ताजी होती, हे खरे. ताज्या जखमेने लिहिलेली ओळ पुढे शंभर वर्षे एका अख्ख्या लोकसमूहाविरुद्ध वापरायला मिळाली, हेही खरे. युद्धाने या मजकुराला धार दिली, तशी त्याच्या दृष्टीला झापडही दिली.

जे लिहिले नाही त्याकडेही पाहिले पाहिजे. सगळ्या यादीत वसाहतींचे सैन्य कुठेही नाही. वाचून असे वाटते की एका बाजूने वार होत होते आणि दुसरी बाजू केवळ अर्ज पाठवत होती. प्रत्यक्षात १० मे १७७५ ला ईथन अॅलन आणि बेनेडिक्ट आर्नल्ड यांनी टिकोन्डेरोगाचा किल्ला घेतला होता. त्या किल्ल्यातल्या जवळपास ६० तोफा हेन्री नॉक्सने ऐन हिवाळ्यात बैलांकरवी बर्फावरून ओढत बॉस्टनला नेल्या. मार्चच्या सुरुवातीला एका रात्रीत त्या डॉर्चेस्टर हाइट्सवर चढल्या आणि १७ मार्च १७७६ ला ब्रिटिश बॉस्टन सोडून निघून गेले. हा त्या काळातला वसाहतींचा सर्वांत मोठा विजय. जाहीरनाम्यात त्याचा पत्ता नाही. कॅनडावरची स्वारीही नाही. ३१ डिसेंबर १७७५ ला क्वेबेकवर हल्ला करताना जनरल रिचर्ड माँटगोमरी पडला, आर्नल्ड जखमी झाला, आणि जून १७७६ मध्ये उरलेली फौज देवीने पोखरलेल्या अवस्थेत माघारी येत होती. एका शेजारच्या प्रांतावर चढाई करून हरलेला पक्ष आपण जगापुढे फक्त सोसणारे आहोत असे मांडतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मजकूर फ्रान्सनेही वाचायचा होता, आणि न्याय मागणाऱ्याने आपले वार मोजून दाखवायचे नसतात.

पण शेवटच्या परिच्छेदात अचानक सूर पालटतो. युद्ध पुकारणे, तह करणे, मैत्रीचे करार करणे, व्यापार चालवणे, या सगळ्याचा पूर्ण अधिकार आता या राज्यांना आहे, असे तो म्हणतो. पाच कलमांत मार खाणारी माणसे इथे शस्त्र हाती घेतलेली राज्ये होऊन उभी राहतात. मधे कुठेही हातात बंदूक घेतल्याचे सांगितलेले नाही. हा रिकामा भाग ऐकणाऱ्याने आपल्या आठवणीने भरायचा, आणि त्याच्याजवळ ती आठवण साडेचौदा महिन्यांची होती. मला या रचनेचे सर्वांत मोठे कौशल्य इथे दिसते.

जूनच्या अखेरीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कागद आणि रणभूमी किती लगटून चालत होत्या ते कळते. २८ जूनला समितीने खर्डा काँग्रेसपुढे ठेवला; त्याच दिवशी साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळच्या सलिव्हन्स आयलंडवर पामेटोच्या लाकडांनी बांधलेल्या किल्ल्यातून विल्यम मोल्ट्रीने ब्रिटिश आरमार परतवले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या खाडीत ब्रिटिश जनरल हाऊच्या ताफ्यातली गलबते दिसू लागली. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव १२ वसाहतींच्या मतांनी मंजूर केला, न्यूयॉर्क तटस्थ राहिले. आणि २ जुलैलाच हाऊची फौज स्टॅटन आयलंडवर उतरली. त्यानंतरचे दोन दिवस सभागृहात बसलेली माणसे जेफरसनच्या वाक्यांवर कात्री चालवत होती.

जॉन डनलॅपच्या छापखान्यातून प्रती निघाल्या. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या हुकुमाने जाहीरनामा फौजेच्या तुकड्यांपुढे वाचला गेला, शत्रूचा ताफा हाकेच्या अंतरावर असताना. ती पाच कलमे त्या सैनिकांनी कशी ऐकली असतील, याचा विचार केल्याखेरीज हा मजकूर वाचून पुरा होत नाही. त्या संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीनमधला राजाचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा खाली ओढला. त्यातले बरेचसे शिसे कनेटिकटमधल्या लिचफील्डला गेले आणि तिथे त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या. ‘तो’ ज्याच्यासाठी लिहिला होता, त्याच्या पुतळ्याचे शिसे त्याच्याच फौजेविरुद्धच्या बंदुकांत भरले गेले.

भाडोत्री म्हटलेले जर्मन सैनिक ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला उतरले. १४ ऑगस्टला काँग्रेसने त्यांच्यापैकी जो कोणी पळून येईल त्याला ५० एकर जमीन देऊ केली. तिसऱ्या कलमाची शाई वाळते तोच त्याला हे दुसरे, अधिक माणुसकीचे उत्तर मिळाले. युद्ध संपल्यावर हजारो जर्मन सैनिक अमेरिकेतच राहिले.

२७ ऑगस्टला लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा मोठा पराभव झाला. दोन आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अॅडम्स आणि एडवर्ड रटलेज स्टॅटन आयलंडवरच्या एका घरात अॅडमिरल लॉर्ड हाऊला भेटले. जाहीरनामा मागे घेतल्याशिवाय पुढचे बोलणे शक्य नव्हते. ते तिघे तयार झाले नाहीत. चार दिवसांनी ब्रिटिश मॅनहॅटनवर उतरले आणि शहर हातचे गेले. हरत असतानाही त्या तिघांना मागे फिरता आले नाही, कारण कागदावर पहिले दोन परिच्छेद एकटे नव्हते. त्यांच्याखाली फॅलमथ होते, लेक्सिंग्टनचे आठ गावकरी होते.

जाहीरनामा पुन्हा हाती घ्याल तेव्हा एवढे करा: आधी ६ जुलै १७७५ चे निवेदन वाचा, त्यातली नावे टिपून ठेवा, आणि मग जाहीरनाम्याची शेवटची पाच कलमे मोठ्याने वाचा. दुसरा परिच्छेद त्यानंतर वाचा.